गोऱ्या कैद्यांचं काळं पाणी

'काळं पाणी' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अंदमान येतं. सेल्युलर जेल, कोलू, सावरकर बंधू. इंग्रजांनी आपली माणसं समुद्रापार नेऊन टाकली हे आपण शाळेत असल्यापासून ऐकतो, आणि ते खरंच आहे. पण ही शिक्षा त्यांनी आपल्यासाठी म्हणून काढलेली नव्हती. त्याआधी जवळजवळ दीडशे वर्षं ते स्वतःच्या देशातल्या गोरगरिबांना ती देत होते. मार्च १८५८ मध्ये पोर्ट ब्लेअरला कैद्यांची पहिली तुकडी उतरली, तेव्हा इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडे कैदी नेणारी जहाजं चालूच होती. त्याच वर्षी 'एडविन फॉक्स' नावाचं जहाज इंग्लंडचे कैदी घेऊन पश्चिम ऑस्ट्रेलियाला गेलं. ते जहाज बांधलेलं होतं बंगालमध्ये, सागवानात.

१७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियाला गेले. त्यात बायका पंचवीस हजारांच्या आसपास. हे लोक कोण होते, त्यांना कशासाठी धाडलं, जहाजावर ते कसे राहिले आणि तिकडे गेल्यावर त्यांचं काय झालं, ते इथे सांगतो. वाचताना एका गोष्टीवर नजर ठेवा: कागद. या कैद्यांबद्दल जसजसं वाचत गेलो, तसतसं मला एकच दिसत गेलं. त्यांचं जगणं-मरण जेलरच्या स्वभावापेक्षाही कुणीतरी टेबलाशी बसून लिहिलेल्या एखाद्या ओळीवर ठरत होतं. चोरलेल्या मालाची किंमत काय लिहिली, ठेकेदाराशी करार काय केला, कैद्यांची यादी जहाजावर चढवली की मागेच राहिली, यावर.

एकोणचाळीस शिलिंग

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये आजच्यासारखं पोलीस खातं नव्हतं. तुरुंग होते, पण ते मुख्यतः खटला उभा राहीपर्यंत माणसाला डांबून ठेवायला. फाशीची कलमं शतकाच्या अखेरीस दोनशेच्या वर गेली होती आणि त्यांतली बरीचशी मालमत्तेच्या गुन्ह्यांची होती. राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा माल चोरला की फाशी. वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे दोन पौंडांसाठी जीव.

ज्युरीत बसणारे लोक चारचौघांसारखेच घरंदार असलेले. एखाद्या मोलकरणीने मालकिणीचे कपडे पळवले म्हणून तिला फासावर द्यायला त्यांचं मन धजत नसे. मग माल उघड उघड जास्तीचा असला तरी ते किंमत ठरवायचे एकोणचाळीस शिलिंग. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाच्या जुन्या नोंदींत हा आकडा पुन्हा पुन्हा भेटतो. एका शिलिंगाने गळ्यातला फास निघायचा. पण फास निघाला म्हणून माणूस घरी जायचा असं नाही. अशा पुष्कळांच्या नशिबी हद्दपारी यायची. सात वर्षं, चौदा वर्षं किंवा जन्मभर. ज्यांना फाशी सुनावली होती त्यांतल्याही अनेकांना राजाची माफी मिळून हीच शिक्षा व्हायची.

हद्दपारीचा मोठा कायदा झाला १७१८ मध्ये. तेव्हा कैदी जायचे अमेरिकेतल्या वसाहतींत. व्यापारी त्यांना जहाजाने न्यायचे आणि त्यांची मजुरीची वर्षं तिथल्या मळेवाल्यांना विकायचे. असे पन्नास हजारांच्या आसपास लोक गेले. १७७५ मध्ये अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं आणि हा रस्ता बंद झाला. न्यायालयं मात्र हद्दपारी सुनावतच राहिली. आता या माणसांना ठेवायचं कुठे? सरकारने लढाईतून बाद झालेली जुनी जहाजं घेतली, त्यांच्या डोलकाठ्या उतरवल्या आणि ती टेम्स नदीत, पोर्ट्‌समथला, प्लिमथला नांगरून ठेवली. दिवसा पायात बेड्या घालून नदीतला गाळ उपसायचा, रात्री खालच्या अंधाऱ्या मजल्यावर कोंबलेलं झोपायचं. १७७६ मध्ये ही सोय तात्पुरती म्हणून केली होती. ती ऐंशी वर्षं चालली.

यात एक मुलगा होता, जॉन हडसन. डिसेंबर १७८३ मध्ये तो ओल्ड बेलीत उभा राहिला. आरोप असा, की त्याने खिडकीतून एका घरात शिरून लिननचा सदरा, पाच रेशमी मोजे, एक पिस्तूल आणि दोन ॲप्रन चोरले. वय विचारलं तर म्हणाला, नववं चाललंय. धंदा काय? काही नाही, कधी कधी धुराडी साफ करतो. आईबाप? मेले. घरात काजळीचे ठसे सापडले होते. न्यायालयाने घरफोडीचं मोठं कलम काढून टाकलं, चोरी ठेवली आणि सात वर्षं हद्दपारी दिली. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या जबानीचं ते पान मी कितीदा वाचलं असेल. दर वेळी 'मेले' या शब्दापाशी थांबायला होतं.

त्याला आधी अमेरिकेकडे निघालेल्या एका जहाजावर घातलं होतं. कैद्यांनी ते जहाजच ताब्यात घेतलं, इंग्लंडच्याच किनाऱ्यावर उतरले आणि बहुतेक पकडले गेले. हडसनची रवानगी प्लिमथच्या तरंगत्या तुरुंगात झाली. तो तिथे वाढत होता, तेवढ्यात लंडनमध्ये नवी जागा ठरली. कॅप्टन कुक १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर बॉटनी बे नावाच्या उपसागरात उतरून गेला होता. त्याच्याबरोबर गेलेल्या जोसेफ बँक्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने ती जागा सुचवली. त्यानंतर तिथे एकही इंग्रज माणूस गेलेला नव्हता. जमीन कशी आहे, पाणी आहे का, काही नक्की ठाऊक नाही, आणि तिथे शेकडो माणसं पाठवायची असं १७८६ मध्ये ठरलं.

घासलेला ढब्बू पैसा

निघण्याआधी घरच्यांना द्यायला कैद्याकडे काय असणार? बहुतेकांना लिहिता येत नव्हतं किंवा जेमतेम येत होतं. त्यांनी एक वाट काढली. तांब्याची पेनी घ्यायची. १७९७ मध्ये पाडलेली पेनी तर आपल्या ढब्बू पैशाची आठवण यावी अशी होती: साडेतीन सेंटिमीटरहून रुंद, हातात घेतली तर वजन जाणवावं अशी, जवळपास अठ्ठावीस ग्रॅमची. दोन्ही बाजू घासून घासून राजाचा चेहरा पार पुसून काढायचा. नाणं आरशासारखं गुळगुळीत झालं की टोकदार खिळ्यासारख्या हत्याराने ठिपका ठिपका ठोकून अक्षरं काढायची. आपलं नाव, जिच्यासाठी किंवा ज्याच्यासाठी आहे त्याचं नाव, तारीख, किती वर्षं झाली ते. कुणी हृदय काढलं, कुणी पिंजऱ्यातला पक्षी, कुणी पायात साखळी असलेला माणूस. मजकूर बहुधा एकच असायचा: हे बघशील तेव्हा माझी आठवण काढ. ज्याला ठोकता येत नव्हतं तो तुरुंगातल्या दुसऱ्याकडून करून घ्यायचा.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात अशी तीनशेहून जास्त नाणी आहेत. कैद्यांबद्दलचे बाकी बहुतेक कागद सरकारने लिहिलेले आहेत. ही नाणी त्यांनी स्वतः लिहिली किंवा सांगून लिहवली. नाणं खराब करणं हाही गुन्हा होता, आणि तरीही राजाचा चेहरा घासून त्या जागी आपल्या माणसाचं नाव घालायला त्यांचे हात कचरले नाहीत.

आठ महिने

पहिला ताफा ११ जहाजांचा. १३ मे १७८७ ला तो पोर्ट्‌समथहून निघाला. साडेसातशेहून जास्त कैदी, शिवाय सैनिक, खलाशी, काहींची बायकापोरं. कॅप्टन आर्थर फिलिप हा प्रमुख आणि होऊ घातलेल्या वसाहतीचा गव्हर्नर. टेनेरिफ, तिथून अटलांटिक ओलांडून रिओ दि जानेरो, मग पुन्हा उलट येऊन आफ्रिकेचं टोक केपटाऊन, आणि तिथून पूर्वेकडे नुसताच समुद्र. वाऱ्यांचा अंदाज घेऊन शिडाची जहाजं अशाच वळशाने जात.

कैद्यांची जागा म्हणजे वरच्या डेकच्या खालचा मजला. खिडक्या नाहीत. दोन्ही बाजूंना फळ्यांचे दोनमजली माचे, साधारण सहा फूट लांब-रुंद एका माच्यावर चौघं. म्हणजे एका माणसाला दीड फूट रुंदी. हिवाळ्यात एस.टी.च्या सीटवर तिघं बसतात तसं आडवं पडायचं, आणि ते महिनोन्‌महिने. वर जाणारी दारं जाळीची, त्यावर पहारा. वादळात तीही झाकून टाकत, मग आत पाणी, उलट्या आणि काळोख. दिवा लावायला बंदी, कारण लाकूड, डांबर आणि दोर यांनीच बनलेल्या जहाजाला आग लागली तर कुणीच वाचणार नाही.

'अलेक्झांडर' नावाच्या जहाजाच्या तळाला साचलेलं पाणी इतकं नासलं, की वर येणाऱ्या वायूने अधिकाऱ्यांच्या केबिनच्या लाकडी भिंती आणि कोटावरची बटणं काळी पडली. ताफ्याचे मुख्य डॉक्टर जॉन व्हाइट यांनी हे लिहून ठेवलंय. अधिकाऱ्याची बटणं काळी पडली, तर त्याच्या खालच्या मजल्यावर झोपणाऱ्यांच्या छातीचं काय झालं असेल? विषुववृत्ताजवळ वारा पडला तेव्हा पाणी माणशी दिवसाला तीन पाइंट केलं, म्हणजे सुमारे पावणेदोन लिटर. खाऱ्या मांसावर आणि कडक बिस्किटांवर जगणाऱ्या माणसाला, त्या उकाड्यात.

तरीही पहिल्या ताफ्यात वाटेत फार माणसं मेली नाहीत. फिलिप निघण्याआधी कित्येक महिने सरकारशी भांडत बसला होता. ताजं मांस द्या, भाजी द्या, कपडे द्या, आजाऱ्यांना हवेवर आणू द्या. प्रत्येक बंदरावर त्याने ताजं अन्न चढवलं. हवा बरी असली की बेड्या काढून लोकांना डेकवर सोडलं. १८ ते २० जानेवारी १७८८ या तीन दिवसांत ताफा बॉटनी बेला लागला. जागा उघडी, दलदलीची निघाली. म्हणून २६ जानेवारीला सगळे थोडं उत्तरेला सिडनीच्या खाडीत उतरले. आपल्याकडे २६ जानेवारी हा प्रजासत्ताक दिन. तिकडे तो 'ऑस्ट्रेलिया डे' आणि तिथल्या मूळ लोकांसाठी शोकाचा दिवस, कारण ती जमीन रिकामी नव्हती. गडिगल लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत राहत होते. वर्ष-सव्वा वर्षातच देवीची साथ आली आणि किनाऱ्यावरची त्यांची माणसं मोठ्या संख्येने मेली. कैद्यांच्या दुःखाबद्दल लिहिताना हे दुःख विसरून चालणार नाही.

सतरा पौंड सात शिलिंग सहा पेन्स

आता दुसरा ताफा. हा भाग नीट समजून घ्यावा असा आहे.

या वेळी सरकारने काम दिलं कॅम्डेन, कॅल्व्हर्ट अँड किंग या लंडनच्या कंपनीला. आफ्रिकेतून गुलाम वाहून नेण्याच्या धंद्यात ती आधीपासून होती. करार असा: इंग्लंडमध्ये जहाजावर चढवलेल्या प्रत्येक कैद्यामागे १७ पौंड ७ शिलिंग ६ पेन्स. चढवलेल्या. उतरवलेल्या नव्हे.

या एका शब्दाचा हिशेब करून बघा. कैदी चढला की ठेकेदाराचे पैसे पक्के. तो वाटेत मेला तर त्याचं उरलेल्या प्रवासाचं अन्न वाचलं. वाचलेलं धान्य, कापड पलीकडे बाजारात विकता येतं. म्हणजे कैदी जितक्या लवकर मरेल तितका फायदा जास्त. कुणी मुद्दाम मारा असं सांगायची गरजच नव्हती.

'नेपच्यून', 'सरप्राइझ' आणि 'स्कारबरो' ही तीन जहाजं जानेवारी १७९० मध्ये सुमारे हजार कैदी घेऊन निघाली. गुलामांच्या जहाजांवर वापरत तसल्या आखूड दांड्याच्या बेड्या अनेकांच्या पायांत होत्या. दोन्ही पाय त्या दांड्यात अडकले की माणसाला धड पाऊलही टाकता येत नाही, आणि जहाज कललं की तो तोल सावरू शकत नाही. लोक पाण्यात बसून होते. अन्न इतकं कमी, की शेजारचा मेला तर बाकीचे ते लपवून ठेवत. प्रेत उघड झालं तर त्याचं रेशन बंद होईल म्हणून वास असह्य होईपर्यंत त्याच्याशेजारी पडून राहत. जून १७९० मध्ये जहाजं सिडनीला लागली तोवर चौथा हिस्सा माणसं मेली होती. एकट्या 'नेपच्यून'वर १५८. जे पोचले त्यांतल्या अनेकांना उचलून आणावं लागलं. काहींनी महिन्यांनंतर मोकळी हवा घेतली आणि डेकवरच प्राण सोडला. वसाहतीचे पाद्री रिचर्ड जॉन्सन खालच्या मजल्यावर उतरले होते. त्यांच्या पत्रात हे सगळं आहे. उतरल्यानंतर जहाजाच्या कप्तानांनी किनाऱ्यावर दुकान मांडलं आणि उरलेला माल चढ्या भावाने विकला.

'नेपच्यून'च्या कप्तानावर लंडनमध्ये खटला झाला. तो निर्दोष सुटला.

सुधारणा झाली ती हळूहळू, आणि झाली ती कराराच्या कागदावर. पुढच्या करारांत पैशाचा काही भाग कैदी जिवंत उतरल्यावरच द्यायचं ठरलं. तरी मध्ये मध्ये वाईट फेऱ्या होतच होत्या. 'जनरल ह्युइट' १८१४ मध्ये सिडनीला लागलं तेव्हा ३०० पैकी ३४ कैदी मेलेले. चौकशी केली डॉ. विल्यम रेडफर्न यांनी. हे रेडफर्न स्वतः कैदी म्हणून आलेले. नौदलात डॉक्टरचे मदतनीस असताना १७९७ च्या बंडात बंडखोर खलाशांना त्यांनी 'एकजुटीने राहा' असा सल्ला दिला, त्यासाठी आधी फाशी आणि मग जन्मठेप झाली. आपण ज्या अंधारातून आलो त्याची तपासणी त्यांनी केली आणि नेमकं लिहून दिलं: हवा, स्वच्छता, रोज डेकवर आणणं, लिंबाचा रस, आणि कप्तानाच्या हुकमाखाली नसलेला सरकारी डॉक्टर. १८१५ पासून प्रत्येक जहाजावर असा डॉक्टर जाऊ लागला. कैदी धड उतरवले तर त्याला माणशी बक्षीस. त्यानंतर मृत्यूचं प्रमाण शंभरात एकापर्यंत खाली आलं. तोच समुद्र, तशीच जहाजं, तसेच कैदी.

कागदाचा धाक मात्र उरलाच. ऑगस्ट १८३३ मध्ये १०८ कैदी बायका आणि १२ मुलं घेऊन निघालेलं 'ॲम्फिट्राइट' फ्रान्सच्या बुलोन्य किनाऱ्याजवळ वाळूत रुतलं. किनारा समोर दिसत होता. किनाऱ्यावरून मदत देऊ केली गेली. पण कैद्यांना उतरवायचा आपल्याला अधिकार नाही, असं कप्तानाचं म्हणणं. भरती आली आणि जहाज फुटलं. तिघे खलाशी वाचले. बायका आणि मुलं सगळी बुडाली.

मुदत भरली, पण दाखला कुठाय?

किनाऱ्यावर उतरलेल्या पहिल्या कैद्यांपुढे एक विचित्र अडचण आली. कुणाला किती वर्षांची शिक्षा आहे आणि ती कधीपासून मोजायची, याचे कागद इंग्लंडमध्येच राहून गेले होते. १७८९ मध्ये काही जण फिलिपकडे गेले: साहेब, आमची सात वर्षं भरली. फिलिपकडे खरंखोटं करायला काहीच नव्हतं. लंडनहून यादी येईपर्यंत काम करा, असं त्याने सांगितलं. लंडनला पत्र जायला सहा-आठ महिने, उत्तर यायला तितकेच.

आपला जॉन हडसन तोवर सिडनीपासून दूर समुद्रातल्या नॉरफोक बेटावरच्या वसाहतीत होता. डिसेंबर १७८३ पासून मोजलं तर त्याची सात वर्षं डिसेंबर १७९० ला संपत होती. फेब्रुवारी १७९१ मध्ये रात्री नवानंतर झोपडीबाहेर दिसला म्हणून त्याला पन्नास फटके मारल्याची नोंद आहे. त्यापुढे तो नोंदींतून नाहीसाच होतो.

विल्यम ब्रायंट हा कॉर्नवॉलचा कोळी. त्याची शिक्षा मार्च १७८४ ची, सात वर्षांची. त्याची बायको मेरी हीही कॉर्नवॉलचीच, कोळ्याघरची, वाटमारीत सापडलेली. 'शार्लट' जहाजावर वाटेतच तिला मुलगी झाली आणि जहाजाचंच नाव तिला दिलं. सिडनीत ब्रायंटशी लग्न झालं, मुलगा झाला इमॅन्युएल. वसाहतीत तेव्हा उपासमार होती. जमीन पिकेना, इंग्लंडहून जहाज येईना, शिधा कापत कापत अर्ध्याच्याही खाली आलेला. २८ मार्च १७९१ च्या रात्री, म्हणजे ब्रायंटची मुदत भरली त्याच सुमारास, ही दोघं, दोन मुलं आणि सात कैदी गव्हर्नरच्या होडीत बसून निघाले. होकायंत्र आणि नकाशा बंदरात आलेल्या एका डच कप्तानाकडून मिळवलेले. ६९ दिवस, पाच हजार किलोमीटरहून जास्त, उघड्या होडीत. मेरीने बरोबर वाळवलेली गोड पानं घेतली होती, तिकडच्या एका वेलीची. कैदी त्यांचा चहा करत. अकराच्या अकरा जण तिमोरच्या कुपांग बंदरात जिवंत पोचले.

तिथे त्यांनी आपलं जहाज बुडाल्याचं सांगितलं. काही आठवड्यांनी खरं बाहेर आलं. इंग्रज कप्तान एडवर्ड्‌सने त्यांना बेड्या घालून परत नेलं. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तापाने इमॅन्युएल गेला, मग विल्यम. इंग्लंडच्या वाटेवर मे १७९२ मध्ये शार्लट गेली. पाच वर्षांचीही नव्हती. समुद्रात जन्मली, समुद्रातच तिला सोडलं. मेरी एकटी लंडनच्या न्यूगेट तुरुंगात आली. वकील आणि लेखक जेम्स बॉसवेल तिच्यासाठी धावला, अर्ज केले, आणि मे १७९३ मध्ये तिला माफी मिळाली. पुढे तिला वर्षाला दहा पौंड तो स्वतःच्या खिशातून देत होता. तिने त्याला त्या चहाची थोडी पानं दिली होती. कित्येक वर्षांनी बॉसवेलच्या कागदपत्रांत ती सापडली.

मागे राहिलेल्यांची उपासमार थांबायला मदत झाली ती आपल्या बाजूने. जून १७९२ मध्ये 'अटलांटिक' जहाज कलकत्त्याहून तांदूळ, रवा आणि डाळ घेऊन सिडनीला आलं. तिथल्या अधिकाऱ्यांच्या लिखाणात 'सुजी' आणि 'डाळ' हे शब्द इंग्रजी स्पेलिंगमध्ये जसेच्या तसे आहेत. कॉर्नवॉलच्या, लंडनच्या, डब्लिनच्या कैद्यांच्या शिध्यात डाळ आली.

पुढे वसाहत स्थिरावली तशी पद्धत बसली. उतरलेल्या कैद्याचं पूर्ण वर्णन लिहून घ्यायचं: उंची, रंग, केस, डोळे, गोंदण, व्रण, गाव, धंदा. मग बहुतेकांना खाजगी मालकांकडे वाटून द्यायचं. मालकाने खायला, ल्यायला, राहायला द्यायचं, पगार नाही. मालक बरा निघाला तर माणूस शेती शिकायचा, मेंढ्या राखायचा, चार पैसे मागे टाकायचा. वाईट निघाला तर रोजचा दिवस छळाचा. मालकाला स्वतः फटके मारता येत नसत, पण मॅजिस्ट्रेटकडे पाठवता येत असे, आणि मॅजिस्ट्रेट बहुधा शेजारचाच जमीनदार. उद्धट बोलला पंचवीस, काम टाळलं पन्नास. वारंवार गुन्हा करणाऱ्यांना नॉरफोक बेट किंवा पोर्ट आर्थर, या आणखी कडक कैदी वसाहती. बायकांना घरकामाला पाठवत, आणि नकोशा झाल्या, गरोदर राहिल्या की सिडनीजवळच्या परामाटा किंवा टास्मानिया बेटावरच्या होबार्टच्या 'फीमेल फॅक्टरी'त. ती कारखाना आणि तुरुंग दोन्ही होती. गरोदर कुणामुळे राहिली हा प्रश्न मालकाला क्वचितच विचारला जायचा.

चांगली वागणूक असेल तर सात वर्षांवाल्याला चार वर्षांनी, चौदावाल्याला सहा आणि जन्मठेपवाल्याला आठ वर्षांनी 'तिकीट ऑफ लीव्ह' मिळे. ते असलं की आपलं काम आपण शोधायचं, मजुरी आपली, फक्त जिल्हा सोडायचा नाही आणि ठरल्या दिवशी हजेरी द्यायची. अंदमानच्या आठवणी ज्यांनी वाचल्यात त्यांना हा शब्द ओळखीचा वाटेल. तीच पद्धत, त्याच नावाने, पोर्ट ब्लेअरला आली. मुदत पुरी भरली की सुटकेचा दाखला. पण परतीचं तिकीट सरकार देत नसे. पुरुष निदान खलाशाचं काम करत घरी जाऊ शकायचा. बाईला तोही मार्ग नव्हता. बहुतेक जण तिथेच राहिले.

काहींनी तिथे नाव काढलं. ब्रिस्टलचा वास्तुकार फ्रान्सिस ग्रीनवे खोटा दस्तऐवज केल्याबद्दल चौदा वर्षांवर आला, तोही त्याच 'जनरल ह्युइट'मधून. गव्हर्नर मॅक्वारीने त्याच्याकडून सिडनीच्या इमारती बांधून घेतल्या. त्यातली हाइड पार्क बराक्स १८१९ मध्ये पुरी झाली. कैद्यांना राहायलाच बांधलेली. आज तिथे संग्रहालय आहे. दुरुस्तीच्या वेळी तिथल्या फरशीच्या फळ्यांखाली उंदरांनी ओढून नेलेल्या चिंध्यांत कैद्यांच्या सदऱ्याचं कापड सापडलं. सिडनीत आता मराठी माणसं पुष्कळ आहेत. गेलात तर वरच्या मजल्यावर ओळीने टांगलेल्या झोळ्या नक्की पाहा.

राजावरची गोधडी

शेवटी एका वस्तूबद्दल सांगायचं आहे. ५ एप्रिल १८४१ ला 'राजा' नावाचं जहाज १८० कैदी बायका घेऊन टेम्समधल्या वूलिचहून होबार्टला निघालं. तुरुंगातल्या बायकांसाठी आयुष्यभर काम केलेल्या एलिझाबेथ फ्राय यांच्या मंडळाने जहाजावरच्या बायकांना एकेक पिशवी दिली होती. त्यात सुया, टाचण्या, दोऱ्याच्या गुंड्या, अंगुस्तान, कात्री आणि दोन पौंड रंगीत कापडाचे तुकडे. वाटेत हाताला काम असावं, आणि उतरल्यावर शिवणकाम येतं म्हणून बरी जागा मिळावी, हा विचार.

त्या बायकांनी साडेतीन महिन्यांच्या प्रवासात मिळून एक गोधडी शिवली. सव्वातीन मीटर लांब-रुंद, २,८१५ तुकड्यांची. बरेच तुकडे चिटाचे. 'चीट' हा शब्दही इंग्रजीत आपल्याकडूनच गेलेला. मधल्या चौकोनात पांढऱ्या कापडावर फुलं आणि पक्षी कापून लावलेले, त्याभोवती चौकटीमागून चौकट. बघताना आपल्याकडच्या गोधडीचीच आठवण येते. काही टाके एकसारखे, बारीक, सरावलेल्या हाताचे. काही वाकडेतिकडे, बहुधा पहिल्यांदाच सुई धरलेली असावी, त्यात जहाज हलतंय.

१९ जुलैला जहाज होबार्टला लागलं. गोधडी इंग्लंडला परत पाठवली गेली आणि मग जवळजवळ दीडशे वर्षं तिचा पत्ता नव्हता. १९८० च्या दशकात ती स्कॉटलंडमधल्या एका घराच्या माळ्यावर सापडली. आता ती कॅनबराच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. कापड नाजूक झाल्यामुळे क्वचितच बाहेर काढतात.

खालच्या किनारीवर बारीक अक्षरांत मजकूर भरला आहे. मंडळातल्या बायकांचे आभार, 'राजा' जहाजावरच्या कैद्यांनी प्रवासात केलेलं काम, जून १८४१. शिवणाऱ्यांपैकी कुणाचंही नाव त्यावर नाही. ती १८० नावं जहाजाच्या यादीत आहेत, प्रत्येकीच्या वर्षांच्या आकड्यासह.